बोंडूचा चोथा, यीस्ट आणि प्रथिनांचा हिशेब

तिरफळ
मार्च ते मे या तीन महिन्यांत कोकणात आणि गोव्यात काजूच्या बोंडूंचा जो ढीग पडतो, त्याबद्दल हा धागा. बीच्या साधारण पाच ते दहा पट वजनाचे बोंडू असते. गोव्यात निदान रस फेणीकडे जातो. सिंधुदुर्गात बरीच बोंडे झाडाखालीच कुजतात. रस काढल्यावर उरणारा चोथा दोन्हीकडे वाऱ्यावर.
या चोथ्यात साखर शिल्लक असते, प्रथिने थोडी असतात, तंतू भरपूर. साखर यीस्टला खाऊ घालायची आणि यीस्टच्या पेशी चोथ्यातच वाढवायच्या, म्हणजे गुरांसाठी जास्त प्रथिनांचे खाद्य तयार. कल्पना नवी नाही. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या पट्ट्यात काजूच्या चोथ्यावर आणि निवडुंगावर हे बरेच झाले आहे. थायलंडमध्ये कसाव्यावर.

१०० किलो ओल्या चोथ्याचे प्रमाण देतो. गृहीत धरले आहे की त्यात २५ किलो कोरडा भाग आहे आणि कोरड्या भागात ३० टक्के साखर. प्रेस कसा आहे यावर साखर पुष्कळ बदलते, तेव्हा तपासल्याशिवाय हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका.

युरिया २२० ग्रॅम, अमोनियम सल्फेट ४८० ग्रॅम, फूड ग्रेड मोनो अमोनियम फॉस्फेट ११० ग्रॅम. हे तिन्ही तीन लिटर पाण्यात विरघळवून झारीने शिंपडायचे. पीएच ४.५ च्या आसपास हवा. चोथा मुळात आंबट असल्याने बहुधा काही करावे लागत नाही.
विरजण म्हणून बेकरीचे कोरडे यीस्ट ५०० ग्रॅम, कोमट पाण्यात (३५ अंश, हाताला जेमतेम ऊब लागेल इतके) १५ मिनिटे फुलवून.
ट्रेमध्ये थर ३ ते ४ सेंमी, त्याहून जाड नाही. दर ६ तासांनी उलथापालथ. ३० ते ३२ अंश, ४८ तास. मग ताडपत्रीवर एक-दीड सेंमी थरात वाळवून ओलावा १० टक्क्यांवर आणायचा.

ओलाव्याची परीक्षा: मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटी ओल्या व्हाव्यात, थेंब पडू नये. थेंब पडला तर माल फार ओला आहे. परत दाबा, नाहीतर भाताचा कोंडा मिसळा.

दोन गोष्टी आधीच सांगतो. चोथा दाबल्यापासून ६ ते ८ तासांत घ्या, नंतर तो आपल्या मर्जीने आंबायला लागतो. आणि त्यात बी राहता कामा नये. फुटलेल्या बीच्या टरफलातले तेल चोथ्यात उतरले तर हात भाजतात आणि गुरांची तोंडेही.

घमेलं
वाचनखूण साठवली. शंका: ४८ तास ट्रेमध्ये ठेवायची कटकट कशाला? ढीग लावून ताडपत्री झाकली तर आंबतेच की.

चंचुपात्र
आंबते, पण फेणीच्या वाटेने.
यीस्टला हवा मिळाली नाही की ते साखरेची दारू करते. १ किलो साखरेतून हवेशीर वाढीत अर्धा किलोपर्यंत कोरडे यीस्ट मिळू शकते. ट्रेमध्ये ०.३५ मिळाले तरी चांगले. हवाबंद ढिगात ०.१ किलो, बाकी साखर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. ती दारू मग वाळवताना उडून जाते. साखरही गेली, प्रथिनही नाही.
बेकरीच्या यीस्टचा आणखी एक स्वभाव आहे. साखर भरपूर दिसली की हवा असूनही ते दारू करत सुटते. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. टोरुला यीस्ट, म्हणजे कँडिडा युटिलिस (नवे नाव सायबरलिंडनेरा जडिनाय), असे करत नाही. शिवाय ते झायलोज ही पाच कार्बनची साखरही खाते, जी बेकरी यीस्टला पचत नाही. या कामाला टोरुलाच हवे. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून कल्चर, म्हणजे जिवंत विरजण, मागवता येते.

तिरफळ
टोरुला बरे हे मान्य. पण वाडीत बसून कल्चर सांभाळणे सोपे नाही, म्हणून बेकरी यीस्ट लिहिले.

चंचुपात्र
इतकेही अवघड नाही. २ टक्के गुळाचे पाणी, त्यात लिटरला २ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि १ ग्रॅम मोनो अमोनियम फॉस्फेट. प्रेशर कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर मंद आचेवर २० मिनिटे. पूर्ण गार करून कल्चर घाला. १०० मिलिपासून १ लिटर, १ लिटरपासून १० लिटर, प्रत्येक पायरीला एक दिवस, ३० अंश आणि सतत हलवणे. १० लिटरमध्ये ८० ग्रॅमच्या आसपास कोरडे यीस्ट निघते. ते १०० किलो चोथ्याला पुरते. पेशींना पाचेक वेळा दुप्पट व्हायचे आहे, ४८ तास त्याला भरपूर झाले.
शेवटच्या १० लिटरचा वास घ्या. ताज्या पावासारखा हवा. व्हिनेगरसारखा किंवा नासक्या दुधासारखा आला तर ओतून द्या, चोथ्यात घालू नका.

उलटतपासणी
ब्राझीलचे आकडे वाचून लोक हुरळून जातात म्हणून विचारतो. '९ टक्के प्रथिनांचे २० टक्के झाले' यातले नेमके किती यीस्टने केले?

चंचुपात्र
नेमका प्रश्न. सविस्तर लिहितो, कारण या विषयातली निम्मी फसवणूक इथेच होते, आणि बरेचदा करणाऱ्यालाही कळत नाही.

१०० किलो कोरडा चोथा घ्या (ओला ४०० किलो). प्रथिने ९ किलो, साखर ३० किलो.

पहिला प्रकार, काम नीट झाले. ३० किलो साखरेतून १० किलो यीस्ट, त्यात निम्मे प्रथिन म्हणजे ५ किलो. एकूण प्रथिन १४ किलो. पण माल आता १०० किलो नाही: १०० वजा ३० अधिक १०, म्हणजे ८०. चौदा भागिले ऐंशी, १७.५ टक्के.

दुसरा प्रकार, साखर नुसती पाण्याने धुऊन टाकली. यीस्ट नाही, काही नाही. प्रथिन तेच ९ किलो, माल ७० किलो. टक्केवारी १२.९! एक ग्रॅम प्रथिन न वाढवता चार टक्के 'वाढ'.

तिसरा प्रकार, घमेलं म्हणतात तो ढीग. त्यात २ किलो युरिया घातला. हवा नाही म्हणून यीस्ट फक्त ३ किलो झाले, त्याने थोडा युरिया वापरला, दीड किलो तसाच पडून राहिला. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. तिला युरियाचा नायट्रोजन आणि प्रथिनाचा नायट्रोजन यांत फरक दिसत नाही. २ किलो युरिया म्हणजे कागदावर पावणेसहा किलो 'प्रथिन'. ९ अधिक ५.७५, भागिले साडेचौऱ्याहत्तर: १९.८ टक्के.

म्हणजे फसलेल्या ढिगाचा रिपोर्ट १९.८ आणि नीट केलेल्या ट्रेचा १७.५. रिपोर्ट बघून माणूस ढीगच लावणार.

आणि ३० टक्के साखरेच्या चोथ्यातून कोणी ३५ टक्के प्रथिन सांगत असेल तर ते यीस्टचे नाही. साखरेचे एकास अर्धे इतके यीस्ट झाले, जे ट्रेमध्ये होत नाही, तरी १९.४ च्या वर आकडा जात नाही.

उलटतपासणी
+१. यात विरजणही मोजा. तिरफळ यांच्या प्रमाणात २५ किलो कोरड्या चोथ्यात ५०० ग्रॅम बेकरी यीस्ट आहे, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम प्रथिन पुड्यातूनच आले. टक्केवारीत जवळपास एक टक्का तिथेच. विकत घेतलेले प्रथिन कमावलेले म्हणून दाखवायचे नाही.

तिरफळ
मान्य. मूळ धाग्यात टोरुलाचे प्रमाण घालतो. मग खरे प्रथिन मोजायचे कसे?

चंचुपात्र
प्रयोगशाळेला नुसते 'क्रूड प्रोटीन' न सांगता 'ट्रू प्रोटीन' सांगा. नमुना ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने धुतात, युरिया आणि अमोनिया पाण्यात निघून जातो, प्रथिन साका होऊन गाळणीवर राहते, मग त्या साक्यातला नायट्रोजन मोजतात. दोन्ही आकडे घ्या. त्यांतला फरक म्हणजे तुमचा शिल्लक युरिया, अमोनिया आणि बाकी सटरफटर.
आणि प्रत्येक घाण्याचे आधीचे आणि नंतरचे कोरडे वजन लिहून ठेवा. वजनाशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

घरी शिल्लक युरिया पकडायची युक्ती: दोन बरण्या घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे वाळलेला माल आणि अर्धी वाटी कोमट पाणी. एकीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ टाका, भाजलेले नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियेज असते, ते युरियाचा अमोनिया करते. अर्धा तास ४० अंशांच्या आसपास ठेवा. मग दोन्हींत अर्धा चमचा खायचा चुना टाकून लगेच झाकण लावा. झाकणाच्या आतून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी लावलेली असावी, पाण्याचे बोट लावून ओलसर केलेली. चुना पट्टीला लागू द्यायचा नाही. अमोनिया असेल तर पिवळी पट्टी लाल-तपकिरी होते.
सोयाबीनची बरणी लाल आणि दुसरी पिवळी: युरिया शिल्लक आहे. दोन्ही लाल: अमोनियम सल्फेट शिल्लक आहे, किंवा युरिया आधीच फुटला आहे. दोन्ही पिवळ्या: बरे चालले आहे. किती शिल्लक ते यावरून कळत नाही, पण पोती भरण्याआधी एवढे कळले तरी पुष्कळ.

घमेलं
कुंकू करतात तसाच प्रकार झाला की! बरं, ढिगाचा नाद सोडला. पण ट्रेमध्ये थर ३ सेंमीच का? ८ केला तर निम्म्या जागेत काम होईल.

तिरफळ
उष्णतेमुळे. १०० किलो ओल्या चोथ्यातली साडेसात किलो साखर यीस्टने हवेत वापरली की सुमारे १५ हजार किलोकॅलरी बाहेर पडतात. २५ लिटर पाण्याची वाफ होईल इतकी उष्णता. ती दोन दिवसांत निघते, त्यातही मधले १२ ते १८ तास जोराचे. ८ सेंमी थराच्या मध्यात काटा ४५ च्या वर जातो आणि यीस्ट मरते. वरची कड मात्र छान दिसत राहते.
साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर थराच्या मध्यात खुपसून ठेवा. ३६ दिसले की हलवा, ३८ च्या वर जाऊ देऊ नका. ट्रेचा तळ जाळीचा असेल तर ५ सेंमी चालतो. खाली मच्छरदाणीचे कापड आणि ट्रेखाली चार बोटे मोकळी जागा. पंखा लावलात तर वरचा थर सुकतो, म्हणून पंख्यासमोर ओले गोणपाट टांगा.

आंबोण
पशुआहाराच्या बाजूने थोडे.

वर सगळे टक्क्यांत बोलत आहेत, पण बोंडूत टॅनिन असते ते कोणी लिहिले नाही. जीभ ओढल्यासारखी होते ते हेच. टॅनिन प्रथिनाला चिकटते आणि आतड्यात त्यातले बरेचसे पचत नाही. म्हणजे १७.५ टक्के खरे प्रथिन निघाले तरी गाईच्या अंगी लागणारे त्याहून कमी. पेप्सिनने (पोटातल्या प्रथिन पचवणाऱ्या विकराने) पचनीयता तपासून घेणे हा यावरचा सरळ उपाय.

गाईसाठी: वाळवलेला माल पहिल्या दिवशी पाव किलो, दहा दिवसांत वाढवत एक किलोपर्यंत. नेहमीच्या आंबोणातल्या कोंड्याच्या जागी द्या, सरकी पेंडीच्या जागी नको. त्या जोडीला हिरवा चारा आणि खनिज मिश्रण चालूच.
युरिया शिल्लक असेल तर: रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्याचे प्रथिन करू शकतात, म्हणून थोडा चालतो. एकूण आंबोणात मिळून १ टक्क्याच्या वर नको. सहा महिन्यांखालच्या वासरांना, कोंबड्यांना, डुकरांना, घोड्याला अजिबात नाही. उपाशी जनावरालाही नाही. पाण्यात कालवून पाजायचा तर मुळीच नाही. ओलसर मालात युरियाचे खडे एका जागी साचले की त्याच घासात विषबाधा होते. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी दिसली तर डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर पाण्यात मिसळून पाजतात, पण सावकाश, ठसका लागू न देता.

कोंबड्यांसाठी हा चोथा मला पटत नाही. तंतू जास्त. फार तर ५ टक्के. त्यांना वेगळे केलेले यीस्ट द्या. यीस्टच्या प्रथिनात लायसिन चांगले असते, मेथिओनीन कमी. ते खाद्यात वेगळे घालावेच लागते.

पाणवठा
आणि जिवंत यीस्ट देऊ नका. कच्चे ओले यीस्ट पोटात जाऊन बी जीवनसत्त्वे, विशेषतः बी१, आपल्याकडे ओढून घेते. वाळवण्याआधी ८० अंशांना १० मिनिटे वाफ दिली की पेशी मरतात. नुसत्या उन्हात वाळवलेल्या मालात बऱ्याच पेशी जिवंत राहतात. बेकरीचे कोरडे यीस्ट पुड्यात जिवंत असतेच ना, तसे.
माशांसाठी बोलायचे तर नॉर्वेत 'फूड्स ऑफ नॉर्वे' या संशोधन केंद्रात स्प्रूसच्या लाकडापासून साखर काढून त्यावर हेच टोरुला वाढवून सॅल्मन माशांना आणि डुकरांना खाऊ घातले आहे.

घमेलं
लाकडापासून होते तर उसाच्या बगॅसपासून, म्हणजे चिपाडापासून का नाही? आपल्याकडे साखर कारखाने काय कमी आहेत?

चंचुपात्र
यीस्ट लाकूड खात नाही, साखर खाते. बगॅसमधली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली असते आणि वर लिग्निनचे लिंपण. ती सोडवायला एक-दीड टक्का सल्फ्युरिक आम्लात १२० अंशांना अर्धा ते एक तास शिजवावे लागते. त्यातून मुख्यतः झायलोज सुटते. टोरुला ते खाते. पण सोबत ॲसेटिक आम्ल आणि फरफ्युराल येते, जे यीस्टला मारक. मग चुन्याने पीएच १० पर्यंत नेऊन, जिप्समचा गाळ काढून, परत ५.५ वर आणायचे. आम्ल झेलणारे भांडे, बॉयलर, गाळाची विल्हेवाट. हे वाडीतले काम नाही.
शिवाय बगॅस फुकट नाही, कारखाने ते जाळून वीज करतात. मळीचीही तीच गोष्ट, ती डिस्टिलरीत जाते.

उलटतपासणी
इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत माक्स डेलब्रूक यांच्या बर्लिनच्या संस्थेत मळी आणि अमोनियम क्षार वापरून यीस्ट वाढवले, दुसऱ्या महायुद्धात कागद गिरण्यांत लाकूड शिजवून उरणाऱ्या सल्फाइट पाण्यावर टोरुला. ब्रिटिशांनी १९४०च्या दशकात जमैकात फ्रोम इथे मळीवर खाद्य यीस्टचा कारखाना काढला. फिनलंडमध्ये १९७५ पासून पेकिलो, तेही कागद गिरणीच्या पाण्यावर, फक्त तिथे यीस्टऐवजी बुरशी. या सगळ्यांत साखर आधीच पाण्यात विरघळलेली होती. गिरण्यांच्या बाबतीत तर ते पाणी नदीत सोडणे हीच डोकेदुखी होती. कच्च्या मालातून साखर काढायचा खर्च आधीच कोणीतरी केलेला असेल तिथेच हे टिकते.
स्टार्चसाठी स्वीडनची सिम्बा पद्धत बघा. बटाट्याच्या कारखान्याच्या पाण्यात दोन यीस्ट सोडायची. एक स्टार्च फोडते, दुसरे म्हणजे टोरुला ती साखर खाते.

तिरफळ
म्हणूनच बोंडू. साखर मोकळी आहे आणि चोथा एका जागी गोळा झालेला आहे.

घमेलं
मग चोथा कशाला, सरळ न विकलेला रसच घ्या ना. सिंधुदुर्गात रसाला गिऱ्हाईक नाही. ड्रममध्ये फिशटँकचा पंप सोडला की झाले?

चंचुपात्र
पंपावरच सगळे अडते. आकडे बघा.
२०० लिटरच्या ड्रममध्ये १०० लिटर द्राव, अर्धी जागा फेसाला. रसात साखर १० टक्क्यांच्या आसपास, ती दहापट पातळ करून १ टक्का, म्हणजे ड्रममध्ये १ किलो साखर. यातून ४५० ग्रॅम कोरडे यीस्ट. त्याला साधारण ४६० ग्रॅम प्राणवायू लागतो. १० तासांत वाढ संपवायची तर लिटरमागे मिनिटाला साडेसात मिलिग्रॅमच्या वर. आणि ३० अंशांच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मावतोच मुळी साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे हवा बंद पडली की मिनिटभरात ड्रममधला प्राणवायू संपतो. वीज गेली की चहा पिऊन येऊ म्हणायची सोय नाही. फिशटँकचा पंप याच्या आसपासही पोचत नाही.

रिंग ब्लोअर लागतो, मिनिटाला १०० लिटर हवा देणारा. पीव्हीसी पाइपचे कडे ड्रमच्या तळाशी, १ मिमीची भोके खालच्या बाजूला, म्हणजे बंद केल्यावर गाळ आत जात नाही. फेस आला तर खोबरेल तेलाचे चार थेंब. जास्त तेल टाकले तर हवा विरघळणे मंदावते. ड्रमला ओले गोणपाट गुंडाळा, नाहीतर दुपारी द्राव ४० वर जाईल.
रस एकदम ओतू नका. पहिल्या वेळी चौथा हिस्सा, बाकी नळीने थेंब थेंब ८ तासांत. बेकरी यीस्ट असेल तर हे सक्तीचे.
टॅनिन काढायला रस आधी साबुदाण्याच्या खळीने निवळून घ्यायचा. लिटरला ५ ग्रॅम साबुदाणा शिजवून ढवळला की साका खाली बसतो. पेजही चालते.

पण खरी गोची शेवटी आहे. १०० लिटर पाण्यातून ४५० ग्रॅम यीस्ट वेगळे करायचे कसे? पेशी ५ ते ८ मायक्रॉनची, फडक्यातून सरळ निघून जाते. सेंट्रिफ्यूज विभाजक लहान धंद्याला परवडत नाही. रात्रभर थंड जागी ठेवून वरचे पाणी काढून टाकले तर खालच्या १५-२० लिटरमध्ये बरेच यीस्ट बसते. ते वाळलेल्या चोथ्यात किंवा कोंड्यात जिरवून परत वाळवणे एवढाच स्वस्त मार्ग.

पाणवठा
हे माणसांना खायला? भाकरीच्या पिठात चमचाभर?

आंबोण
ट्रेमधला माल नाही. तो निर्जंतुक नाही, बुरशीची खात्री नाही.
स्वच्छ वाढवलेले टोरुला जगभर खाण्यात आहेच. पण त्यालाही मर्यादा आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीत न्यूक्लिइक आम्ल भरपूर, यीस्टमध्ये कोरड्या वजनाच्या ६ ते १२ टक्के. माणसात त्याचे शेवटी युरिक आम्ल होते आणि ते पुढे फोडणारे विकर आपल्यात नाही. गाऊट, मुतखडा. संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिन सल्लागार गटाने अशा खाद्यातून मोठ्या माणसाला रोज २ ग्रॅम न्यूक्लिइक आम्ल ही सीमा सांगितली होती. १० टक्के धरले तर २० ग्रॅम कोरडे यीस्ट, दोन टेबलचमचे.
ते कमी करायला पेशी ठरावीक तापमानाला काही वेळ गरम ठेवतात. पेशीतलेच विकर न्यूक्लिइक आम्ल तोडते आणि तुकडे पाण्यात निघून जातात. पाण्याबरोबर थोडे प्रथिनही जाते.

घमेलं
मूळ धाग्यात युरिया लिहिला आहे तो खताच्या पोत्यातला चालेल?

चंचुपात्र
नाही. खताच्या युरियाला नीमतेलाचा लेप असतो. आणि खताचे डीएपी तर नकोच, त्यात फॉस्फेट खडकातले कॅडमियम आणि फ्लोराइड येते. फीड ग्रेड युरिया, फूड ग्रेड फॉस्फेट घ्या. १०० किलोला ११० ग्रॅम तर लागते, तिथे काटकसर नको.

तिरफळ
काय बिघडले ते वासावरून कसे ओळखायचे हे राहिले होते, लिहितो.
अमोनियाचा भपका: जिवाणूंनी युरिया फोडला, पीएच ७ कडे गेला. युरिया दोन हप्त्यांत द्या, अर्धा सुरुवातीला, अर्धा १२ तासांनी. अमोनियम सल्फेट ठेवण्याचे कारणही हेच, यीस्ट त्यातला अमोनिया उचलते तसा पीएच खाली राहतो. त्यातले गंधक यीस्टला लागतेच.
दारूचा वास: हवा कमी, थर जाड किंवा माल फार ओला.
ताकासारखा आंबूस: लॅक्टिक जिवाणू. माल वाया नाही, प्रथिन कमी वाढेल.
सडके लोणी, ओकारी: ब्युटिरिक जिवाणू. खतात टाका.
हिरवा, काळा किंवा पिवळा कापूस: बुरशी. एका कोपऱ्यात दिसली तरी तो पूर्ण ट्रे खतात. काढून टाकून उरलेला वापरू नका. अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून दुधात उतरते, आणि माल वाळवला की ते जात नाही.

घमेलं
आणि मे संपता संपता पाऊस आला तर? वाळवणार कुठे?

आंबोण
मग यीस्ट सोडा. ओला आंबवलेला माल पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. शेवटच्या पंधरवड्याच्या चोथ्याचा मुरघास करा. तिथे उलट हवा नको असते. १०० किलो चोथ्याला १८ किलो भाताच्या पेंढ्याची कुट्टी, म्हणजे कोरडा भाग २५ वरून ३५ टक्क्यांवर येतो आणि पाणी गळत नाही. युरिया घालायचा नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने पायाने तुडवून, हवा काढून तोंड घट्ट बांधा. ४५ दिवसांनी उघडा. उघडलेली पिशवी तीन-चार दिवसांत संपेल इतकीच मोठी घ्या.

घमेलं
पेंढा ओला असेल तर १८ च का?

आंबोण
नाही. १८ हा ९० टक्के कोरड्या पेंढ्याचा हिशेब आहे. भिजलेला घेऊ नका, गोठ्याच्या माळ्यावरचा काढा.